एकटीची मिरवणूक

भिंगरीच्या बाबांना त्या सभेत कुणी काहीही विचारलं नव्हतं. तरी ते उठून बोलले आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळे घडलं. पालकसभेत न विचारता उठणाऱ्या माणसाला शाळेने हात धरून खाली बसवावं, असं आता त्यांचं ठाम मत आहे. पण मतं ठाम व्हायला आधी फजिती व्हावी लागते, त्याला कोण काय करणार!

सभा मैदानातल्या झाडाखाली ताडपत्रीवर भरली होती. भिंगरी तिसरीत. तिच्या वर्गाला आलेल्या नव्या बाईंचं म्हणणं असं, की निम्मं शिक्षण वर्गाबाहेर व्हायला हवं. त्यामुळे तिसरीची मुलं मैदानात बसून बटणं शिवत, गाठी मारत, सायकलचं पंक्चर शोधत आणि घरी येताना अर्धं मैदान बुटांतून घेऊन येत. मुलांचं जाऊ द्या, पण पालकांनाही ताडपत्रीवर बसवायचं म्हणजे जरा अतीच झालं, असं बाबांना मनातून वाटत होतं. ते ऑफिसातून थेट आलेले, पँट इस्त्रीची, आणि नेमकी त्यांच्याच जागेखालून मुंग्यांची ये-जा चालू होती.

बाई म्हणाल्या, "या सत्रात प्रत्येक मुलाने एक काम एकट्याने करायचं आहे. घराबाहेरचं, रस्त्यावरचं. काम मुलानेच निवडायचं, करून परत यायचं आणि मग वर्गात सांगायचं. रस्ता कसा ओलांडायचा, अडलं तर कुणाला विचारायचं, याचा आम्ही भरपूर सराव केलाय. पालकांना एकच काम. त्यांनी घरी बसायचं. मागे यायचं नाही."

काही पालकांनी आपापल्या मुलाकडे असं पाहिलं, की जणू ते उद्या परदेशीच निघालंय. आणि तेवढ्यात, कदाचित मुंग्यांमुळे असेल, बाबा उठून उभे राहिले.

"बाईंचं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या लहानपणी आम्ही गावभर एकटे हिंडायचो. कोण यायचं मागे? आजचे पालकच भित्रे झालेत. घरी बसायचं म्हणजे घरी बसायचं! मी शब्द देतो."

वास्तविक चौथीपर्यंत त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांचा हात सोडला नव्हता. पण ती सभेला नव्हती, त्यामुळे भाषण रंगलं. टाळ्या पडल्या. मागे मुलांच्या घोळक्यात भिंगरी बसली होती. "ते माझे बाबा," असं तिने शेजारच्या मुलीला सांगितलं, मग तिच्या शेजारच्या मुलीला सांगितलं, आणि मग एकदा उगाचच सगळ्यांना सांगितलं. तो चेहरा बाबांनी पाहिला होता. म्हणून तर आता जास्त लागतं.

इथे बाबांच्या नोकरीविषयी सांगायला हवं, म्हणजे त्यांच्यावर उगाच अन्याय व्हायला नको. ते विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतात. माणसाला काय काय होऊ शकतं, हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. कुंडी पडून डोकं फुटलेले, फिरत्या दारात अडकलेले, उभ्या सायकलवरून आडवे झालेले असे सगळे लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावरून जात. असा माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याला घर दिसत नाही, कोपरे दिसतात. एरवी ते चालून जातं. पण अशा माणसाने भर सभेत शब्द देऊ नये.

भिंगरीने काम निवडलं ते आईच्या छत्रीचं. छत्रीची एक काडी निखळून बाहेर आली होती आणि उघडली की ती एका अंगाला लुळी पडायची. बाजारात टपाल कचेरीच्या भिंतीला लागून छत्रीवाला बसतो, त्याच्याकडे जायचं, काडी बसवून घ्यायची आणि परत यायचं. "शनिवारी सकाळी जाईन," भिंगरी म्हणाली. "कुणी आठवण करायची नाही. माझी मी उठेन."

"शाब्बास!" बाबा म्हणाले. मग त्यांना आठवलं, की छत्रीची काडी डोळ्यात गेल्याचा दावा त्यांनी स्वतः मंजूर केला होता. त्यांच्या हातातला चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. बाबा सहज बोलून गेले. आता या गृहस्थांशी सहज बोलणं म्हणजे फलकावर लिहिण्यासारखंच आहे, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणसाला काळजी ओठावर आली की धीर राहत नाही. सेक्रेटरींनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"बाजारात? एकटी? चौक ओलांडून?"

"बाईंचा कार्यक्रम आहे. मी शब्द दिलाय घरी बसायचा."

"तुम्ही दिलाय ना? मग तुम्ही बसा की! आम्ही कुठे दिलाय?"

बाबा थबकले. विम्याच्या माणसाला शब्दातली फट चटकन दिसते. पालकांनी घरी बसायचं, हे ठरलं होतं. शेजाऱ्यांनी कुठे उभं राहायचं, याविषयी बाई काहीच बोलल्या नव्हत्या. बाबांना एकदम हलकं हलकं वाटलं. ते वाटायला नको होतं, पण वाटलं खरं.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि त्यांनी सुचवलं, की पोरीच्या गळ्यात शिट्टी बांधावी. मग त्याच म्हणाल्या, की शिट्टी नको, कुत्री मागे लागतात. तळमजल्यावरच्या एकाने सांगितलं, की त्याच्या मेहुण्याचा मुलगा असाच एकटा निघाला आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये बसला. "मग काय झालं?" असं बाबांनी धास्तावून विचारलं. "काही नाही, जेवायला परत आला," असं उत्तर मिळालं, पण तोवर बाबांनी शहरातल्या सगळ्या बस मनातल्या मनात मोजल्या होत्या. शेवटी सेक्रेटरींनी बंदोबस्त ठरवला. स्वतः ते बँकेच्या पायऱ्यांवर, काकू औषधाच्या दुकानापाशी, बाकीचे वाटेत जमेल तिथे. सगळ्यांनी सहज उभं राहायचं. सहज, हा शब्द सेक्रेटरींनी इतक्या वेळा उच्चारला की त्यात सहज असं काही उरलं नाही.

भिंगरीच्या आईच्या कानावर हे आलं तेव्हा ती भाकरीचं पीठ मळत... पण ते राहू द्या. ती काहीतरी करत होती आणि ते करायचं थांबली. "अहो, तिला कळलं तर?"

"अगं, कळेल कसं? सहज उभे राहणारेत."

"तुम्ही तिला शब्द दिलाय."

"तो मी पाळतोच आहे. अक्षरशः पाळतोय!"

आई पुढे काही बोलली नाही. ती बोलली नाही की बाबांना वाटतं, पटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा समज कायम आहे.

बंदोबस्त झाला, तरी चौक राहिला. त्या चौकात गाड्या कुठूनही येतात आणि कुठेही जातात. शनिवारी सकाळी तिथे एक हवालदार उभा असावा, एवढीच विनंती करायला बाबा वाहतूक शाखेच्या कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. दुसरी खिडकी बंद होती आणि तिच्यावर "पहिल्या खिडकीत चौकशी करावी" असं लिहिलं होतं. बऱ्याच वेळाने एक कारकून डबा पुसत आले.

"काय काम?"

"चौकात हवालदार हवा होता. माझी मुलगी रस्ता ओलांडणार आहे."

कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुली रोज ओलांडतात. सगळ्यांना हवालदार दिला तर चोर कुणी पकडायचे?"

"पण ही एकटी आहे हो."

"तशी सोय नाही. बंदोबस्त मिळतो तो मोर्चाला, मिरवणुकीला किंवा अंत्ययात्रेला. यातलं काय म्हणू?"

अंत्ययात्रा म्हणताच बाबांनी दोन्ही हातांनी नको नको केलं. मोर्चा म्हटलं तर कशाच्या विरोधात ते लिहावं लागतं. राहता राहिली मिरवणूक. बाबांनी अर्ज भरायला घेतला. सहभागी व्यक्ती या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे "एक" लिहिलं. कारकुनांनी ते खोडलं. "एकाची मिरवणूक आमच्यात बसत नाही. थोडी तरी माणसं दाखवा." बाबांनी अख्ख्या सोसायटीची नावं घातली. वाद्ये, नाहीत. घोषणा, नाहीत. मिरवणुकीचा उद्देश, छत्री दुरुस्ती. आयोजक म्हणून त्यांनी खाली स्वतःची लफ्फेदार सही ठोकली. कारकुनांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "वेळेवर काढा. रस्ता अडवून धरतो आम्ही, लोक शिव्या आम्हाला देतात."

शनिवार उजाडला. भिंगरी खरोखरच आपली आपण उठली. तिने वेणी घातली, ती एका बाजूला गेली, तशीच राहू दिली. पायात बूट, काखेत छत्री. दारात उभी राहून तिने बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते.

"बाबा, मी येईपर्यंत इथेच ना?"

"इथेच. हे काय, बसलोय!"

ती हसली आणि जिन्याच्या पायऱ्यांवर छत्री आपटत खाली गेली. तो आवाज कमी कमी होत गेला, तसतसे बाबा खुर्चीच्या कडेकडे सरकत गेले. कुंडी पडून डोकं फुटलेला तो मनुष्य त्यांच्या डोळ्यांसमोर आला. मग छत्रीची काडी. मग चौक. फाटक वाजल्याचा आवाज आला तेव्हा बाबा उभे होते आणि त्यांच्या अंगात रेनकोट होता.

"अहो, बाहेर कडक ऊन आहे," आई म्हणाली.

"म्हणूनच! उन्हात रेनकोट घालून मी असेन असं कुणाच्या मनात तरी येईल का?" आणि मेहुण्याची विसरलेली टोपी भुवयांपर्यंत ओढून ते मागच्या जिन्याने उतरले. दिलेला शब्द खुर्चीवर तसाच राहिला.

सुरुवातीला भिंगरी काय चालत होती! उड्या मारत, छत्रीचं टोक गटारीच्या झाकणांवर टणटण वाजवत, मधेच स्वतःशी बोलत. बाबा एका उभ्या टेम्पोच्या आडून दुसऱ्या उभ्या टेम्पोच्या आड जात होते. तेवढ्यात औषधाचं दुकान आलं. काकू दारात एका खांबाला टेकून इतक्या सहज उभ्या होत्या, की येणारे-जाणारे थांबून त्यांना बरं वाटत नाही का म्हणून विचारत होते.

"काकू? तुम्ही इथे कशा?" भिंगरी म्हणाली.

"अगं, सहजच. खोकला झालाय." आणि त्या शिंकल्या.

पुढे बँकेच्या पायरीवर सेक्रेटरी वर्तमानपत्र वाचत होते. न बोलता उभं राहायचं, हा नियम त्यांनीच केलेला. पण मुलगी समोरून जाताना त्यांना राहवलं नाही. "शाब्बास पोरी! एकटीच ना? जा, जा, पुढे सगळे आहेतच!"

भिंगरी थांबली. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. बाबा झटकन टेम्पोमागे बसले. पुन्हा डोकावले तेव्हा ती चालू लागली होती, पण छत्री आता काखेत घट्ट होती आणि झाकणं वाजत नव्हती. रांगेतल्या मुलीसारखी ती सरळ चालत होती. बाबांना त्या वेळी वाटलं, वा, किती जबाबदारीने चालते आहे! त्याची आता त्यांना लाज वाटते.

चौक कधी नव्हे तो रिकामा होता. हवालदाराने चारी बाजूंच्या गाड्या रोखून धरल्या होत्या, हॉर्नचा गोंगाट चालला होता, आणि मधला रस्ता सगळा मोकळा. भिंगरी कडेला उभी राहिली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं.

"ए पोरी, मागे हो!" हवालदार ओरडला. "मिरवणूक यायची आहे!"

ती मागे झाली. हवालदार टाचा उंचावून मिरवणुकीची वाट बघू लागला. मिरवणूक काखेत छत्री धरून त्याच्या शेजारी उभी होती, आणि हे साऱ्या चौकात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्या माणसाने टेम्पोमागून पुष्कळ हातवारे केले. तिला सोडा, हीच ती, असं त्यांना सुचवायचं होतं. हवालदाराने त्यांना हाताने खूण केली, की लघुशंकेला जागा पलीकडे आहे.

गाड्यांच्या रांगा वळणापलीकडे गेल्या. एक रिक्षावाला खाली उतरून, मिरवणूक कोणाची आणि तिचं काय करावं, याविषयी आपली मतं मोठ्याने सांगू लागला. आता पुढे होऊन सांगावं लागणार, असं त्यांनी ठरवलंही. तेवढ्यात भिंगरीने हवालदाराचा शर्ट हळूच ओढला.

"काका, मिरवणूक दिसत तर नाहीये. ती येईपर्यंत मी पलीकडे जाऊ का? मी पळणार नाही. नीट बघून जाईन."

हवालदार खाली बघून हसला. "जा बाळ, जा. तूच एक शहाणी दिसतेस इथे."

आणि ती गेली. नीट, मधेमधे दोन्हीकडे बघत, हात उंच धरून. मिरवणूक आडवी आली तर काय करायचं, हे काही तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिने स्वतःच्या डोक्याने केलं होतं. बाबांचे डोळे भरून आले. धावत जाऊन तिला उचलून घ्यावं, सगळ्या रिक्षावाल्यांना सांगावं, ही माझी मुलगी! पण ते तिथे नव्हतेच. ते घरी खुर्चीत बसले होते. ज्या क्षणाचं कौतुक जन्मभर करावं, तो त्यांनी चोरून पाहिला होता, आणि चोरीचा माल कुणाला दाखवता येत नाही. पुढे किती वेळा त्यांच्या ओठावर आलं, की काय झकास विचारलंस त्या हवालदाराला! दर वेळी ते गिळावं लागलं.

खरं तर इथून परत फिरायला हरकत नव्हती. पण ते फिरले नाहीत.

छत्रीवाल्यासमोर भिंगरी एका पालथ्या खोक्यावर बसली. त्याने काड्या धरायला सांगितल्या, तिने दोन्ही हातांनी धरल्या. समोर बादल्या-घमेल्यांचं दुकान होतं. बाहेर रचलेल्या प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या फटीतून बाबा बघत होते. कडक उन्हात रेनकोट, भुवयांवर टोपी, बादल्यांआडून लहान मुलीवर नजर. बादली घ्यायला आलेल्या एका बाईंनी हे सगळं एका दृष्टिक्षेपात पाहिलं आणि बाबांच्या रेनकोटची मागची बाजू मुठीत पकडली.

"कोण रे तू? केव्हापासून बघतेय, त्या पोरीकडे डोळे लावून बसलायस!"

"अहो बाई, हळू बोला. मी विम्याचा माणूस आहे."

"पोरीचा विमा काढतोस?"

माणसं जमली. बादल्या कोसळल्या. कुणीतरी टोपी उडवली, तिच्याबरोबर चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी पायाखाली कडकन आवाज झाला. "ती माझी मुलगी आहे हो!" बाबा कळवळून म्हणाले. "तिचीच काळजी म्हणून..."

"तुझी मुलगी? मग मार हाक! ती बोलली तर सोडतो," गर्दीतला एकजण म्हणाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाबाही थांबले होते. हाक मारली नाही, तर फार तर पोलीस चौकी. चौकीत खुलासा करता आला असता. भिंगरीला काही कळलं नसतं, ती छत्री घेऊन घरी गेली असती आणि "बाबा, मी एकटी गेले!" म्हणून तिने त्यांच्या गळ्यात उडी टाकली असती. हे सगळं बाबांना त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. चष्मा नसतानाही दिसत होतं. पण मागून कुणीतरी एक रट्टा घातला, आणि भर बाजारात आपल्यासारख्या माणसाला, आपल्याला, कुणी अरेतुरे करतंय, हे त्यांना सहन झालं नाही.

"भिंगरी!" त्यांनी हाक मारली. "भिंगरी, सांग गं यांना, मी कोण ते!"

सगळा बाजार तिच्याकडे वळला. छत्रीवाल्याचा हात थांबला. भिंगरीने मान वर केली आणि पाहिलं. रेनकोट पाहिला, विस्कटलेले केस पाहिले, चेहरा पाहिला. बाबांना तिचा चेहरा धूसर दिसत होता, त्यामुळे ती रागावली होती की रडवेली झाली होती, हे त्यांना आजही सांगता येत नाही. आवाज मात्र स्पष्ट होता.

"ते माझे बाबा नाहीत," ती म्हणाली. "माझे बाबा घरी आहेत. त्यांनी शब्द दिलाय."

आणि मान खाली घालून तिने पुन्हा काड्या धरल्या.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. बाबांना चौकीवर नेलं. तिथे तो हवालदार घाम पुसत आला आणि न निघालेल्या मिरवणुकीचा आयोजक कोण म्हणून त्याने विचारलं. बाबांनी हळूच हात वर केला. मागून काकू आणि सेक्रेटरी त्यांना सोडवायला धावत आले. ते मिरवणुकीत सहभागी आहेत असं अर्जावर होतंच, तेव्हा त्यांनाही बसवून ठेवलं. शेवटी भिंगरीची आई आली.

"हे तुमचे कोण?" फौजदाराने विचारलं.

आईने बाबांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आमचेच आहेत," ती म्हणाली.

घरी आले तेव्हा दुरुस्त झालेली छत्री दारामागच्या खिळ्याला लटकत होती. भिंगरी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. बाबांनी कसंनुसं हसून विचारलं, "काय, झालं का काम?"

"झालं."

"अरे वा! कसं काय झालं, सांग ना."

तिने खडू खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक आहे, बाबा." मग तो पुन्हा उचलत म्हणाली, "मी एकटी गेलेच नाही. सोमवारी बाईंना सांगणार आहे. पुन्हा करायला मागणार आहे."

बाबांनी पुष्कळ समजावलं. चौकात आणि बाजारात तिला कोणी मदत केली नव्हती, काम तिचंच होतं. पण हे बोलायचं तर आपण तिथे होतो हे बोलावं लागत होतं, आणि जितकं बोलावं तितकं ते जास्त होत होतं. आईला मात्र तिने स्वयंपाकघरात सगळं सांगितलं, हवालदाराचं सुद्धा. दोघी हसल्याचं बाबांनी बाहेरून ऐकलं.

सोमवारी बाईंनी म्हणे नुसती मान डोलावली. जवळजवळ सगळ्याच मुलांची कामं पुन्हा घ्यायची होती. एक आई मुलाच्या मागे बुरखा... पण नको, तेही राहू द्या, एवढंच सांगतो की एक पालक पाण्याच्या टाकीवर सापडले होते आणि त्यांना उतरवायला अग्निशमन दल लागलं. बाबांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टाकीवरच्या त्या गृहस्थांनी निदान सभेत भाषण तरी केलं नव्हतं.

भिंगरी या वेळी काय काम करणार आणि कधी, हे तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही. चष्म्याची काडी त्यांनी दोऱ्याने बांधली होती. ती सारखी निसटायची. ऑफिसात सगळे विचारत, दुरुस्त का करून घेत नाही? बाबा म्हणत, बघू. खरं म्हणजे त्यांना बाजारात जायचं नव्हतं.

मग एका सुट्टीच्या सकाळी त्यांना चष्मा सापडेना. टेबलावर नाही, उशीखाली नाही. चाचपडत असतानाच दार लावल्याचा आवाज आला.

"कोण गेलं?"

"भिंगरी," आई आतून म्हणाली.

"कुठे?"

"मला काय ठाऊक? मी घरी बसायचं आहे. तुम्हीही बसा."

बाबा बसले. खिडकीतून रस्ता दिसत होता, पण चष्म्याशिवाय सगळा रस्ता म्हणजे हलणारे ठिपके. त्यातला कुठला ठिपका आपला, हे ओळखू येईना. कुंडी आली, काडी आली, चौक आला. त्यांच्या नकळत त्यांचा हात खाली गेला आणि एक बूट पायात चढला. दुसरा हातात घेतला. मग त्यांना बाजारातली ती मुलगी आठवली, काड्या घट्ट धरून मान खाली घातलेली. त्यांनी बूट खाली ठेवला. खुर्चीचे दोन्ही हात धरून ते बसून राहिले. इतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं आणि त्यासाठी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

दार उघडलं. भिंगरी धापा टाकत होती, आणि तिच्या येण्याआधी जिन्यातली प्रत्येक पायरी वाजली होती. तिने हात पुढे केला. हातात चष्मा होता, काडी नवी, काचा पुसलेल्या.

"चष्मेवाल्याकडे जायचं होतं मला," ती म्हणाली. "आणि चष्मा माझ्याकडे असला की तुम्हाला मागे येता येत नाही. म्हणून हेच काम घेतलं."

बाबांना हसू आलं. त्यांनी चष्मा घातला. सगळं स्वच्छ दिसलं. भिंगरी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. एका पायात बूट होता.

"एकच घातला होता," बाबा म्हणाले. "नंतर बसलो. विचार आईला."

तिने खाली वाकून बुटाच्या तळाला बोट लावलं. धूळ कोरडी होती, जुनी. तिने ते बोट फ्रॉकला पुसलं.

"बरं," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला आत गेली.

आता ती एकटी पुष्कळ हिंडते. वाचनालयात जाते, मैत्रिणीकडे जाते, चौक तर तिला घरचं अंगण झालाय. जाताना सांगूनही जाते. बाबा तेवढा वेळ खुर्चीत अनवाणी बसतात आणि बूट मुद्दाम दारात, सहज दिसतील असे काढून ठेवतात. कारण बाहेरून आली की ती आधी त्यांच्या पायांकडे बघते, मग त्यांच्याकडे. अगदी क्षणभरच बघते, तिच्या लक्षातही येत नसेल. त्यांच्या मात्र दर वेळी येतं.